जोड-लायब्ररी बसवण्याआधी एवढं तपासा

विंडोजवर ऑडॅसिटी या ऑडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एम४ए ही ऑडिओ फाइल उघडायची तर एफएफएमपेग ही लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येणारा तयार कोड) वेगळी बसवावी लागते. अशा वेळी सर्चमधली पहिली लिंक उघडू नका, ती बऱ्याचदा जाहिरात असते. मूळ सॉफ्टवेअरच्या अधिकृत मदत-पानावरूनच पुढे जा. एफएफएमपेग प्रकल्प स्वतः फक्त सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, जो थेट चालत नाही) देतो. तयार फाइल बनवणाऱ्यांचे दुवे त्याच्या डाउनलोड पानावर मिळतात.

एकटी डीएलएल फाइल (विंडोजवर लायब्ररी अशा फाइलमध्ये असते) देणाऱ्या साइट मात्र पूर्ण टाळा. डीएलएल मूळ प्रोग्रॅमच्याच अधिकारांनी चालते, म्हणजे प्रोग्रॅमला तुमच्या ज्या फाइल दिसतात त्या तिलाही दिसतात. हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

फाइल उतरल्यावर विंडोजच्या पॉवरशेल या कमांड खिडकीत गेट-फाइलहॅश कमांडने तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) काढा आणि साइटवर दिलेल्याशी जुळवा. साइटच हॅक झाली असेल तर तिथला हॅशही बदललेला असू शकतो, म्हणून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर (फाइल कोणी दिली याची खूण) असेल तर तीही बघा. प्रोग्रॅम ६४-बिट असेल तर लायब्ररीही ६४-बिटच हवी. आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगणारा इन्स्टॉलर दिसला, की तो तिथेच डिलीट करा.