जर्मनीत लाईट जात नाही, पैसे जातात

दर ऑक्टोबरात सेमिस्टर सुरू झालं की श्टुटगार्टकडे नवीन मराठी मंडळी येतात आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. इन्व्हर्टर घ्यावा लागतो का? मिक्सर आणू का? भाडं भरलं तरी हे विजेचे पैसे वेगळे कसले मागतायत? फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

इन्व्हर्टर विसरा. २०२३ साली जर्मनीत एका ग्राहकाची वीज वर्षभरात सरासरी तेरा मिनिटंसुद्धा गेली नव्हती. मी कऱ्हाडची. आमच्याकडे तेवढी एका चहाच्या वेळात जायची. इथली काळजी वेगळी आहे: युनिटला ३५ ते ४० सेंट पडतात. रुपयांत सांगत नाही, जेवण जाणार नाही. शिवाय ज्याला इथे 'वार्ममीटं' म्हणतात त्या भाड्यात हीटिंग असतं, पण घरातली वीज बहुतेक वेळा नसते. तो करार तुम्ही स्वतः करायचा.

तो चावी हातात यायच्या आधीच करा. ६ जून २०२५ पासून मागच्या तारखेने वीज कनेक्शन नावावर करून घेता येत नाही. आधी लोक राहायला गेल्यावर आरामात कंपनी शोधायचे, आता तसं केलं तर तेवढ्या दिवसांसाठी तुम्ही आपोआप 'ग्रुंडफरझोर्गुंग'मध्ये जाता. म्हणजे गावातली ठरलेली मूळ कंपनी वीज देते आणि तिच्या दराने बिल लावते. दर सहसा महाग असतो, पण घाबरायचं कारण नाही, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सुटता येतं. नव्याने आलेल्यांचा शूफा (इथला सिबिलसारखा पतअहवाल) तयार झालेला नसतो, त्यामुळे काही स्वस्त कंपन्या नाही म्हणतात. त्यांच्यासाठी ग्रुंडफरझोर्गुंग हाच आधार आहे, ती सहसा नकार देऊ शकत नाही. तुलना चेक२४ किंवा फेरिवॉक्स या दर दाखवणाऱ्या वेबसाइटवर करा, पण पहिल्या वर्षाचा बोनस वजा करून दाखवलेल्या आकड्यावर जाऊ नका. बोनसचा टिक काढा आणि मग यादी बघा. आणि वर्षाचे पैसे आगाऊ मागणारी कंपनी कितीही स्वस्त दिसली तरी नको. ती बुडाली तर तुम्ही घेणेकऱ्यांच्या रांगेत.

आता मीटर. तो बहुतेक तळघरात असतो आणि तिथे आठ-दहा मीटर एका ओळीत असतात. घर ताब्यात घेताना घरमालकाबरोबर खाली उतरा, तुमच्या मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही एका फोटोत येतील असं बघा आणि ते आकडे हस्तांतराच्या कागदावर लिहून घ्या. जुना काळा, चकती फिरणारा मीटर असेल तर शेवटचा लाल चौकटीतला आकडा दशांशाचा. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम वापरतात, म्हणजे ०४५६३,७ हे साडेचार हजार युनिट आहेत, पंचेचाळीस हजार नाहीत. ऑनलाइन फॉर्ममध्ये शेवटचा आकडा चिकटवून लिहिला की वापर थेट दहापट. अशी बिलं घेऊन रडकुंडीला आलेली मुलं मी पाहिली आहेत.

नवीन डिजिटल मीटरवर १.८.० समोरचा आकडा म्हणजे तुम्ही घेतलेली वीज, २.८.० म्हणजे, सोलर असेल तर, तुम्ही परत ग्रिडला दिलेली. या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत हे मात्र तो सहजासहजी दाखवत नाही, त्याला पिन लागतो. पिन मीटर बसवणाऱ्या कंपनीकडे मागायचा. आणि तो टाकायची तऱ्हा बघण्यासारखी आहे: बटण नाहीच, मोबाईलचा टॉर्च मीटरच्या बारीक सेन्सरवर मारायचा. पहिल्या झोतात स्क्रीन उजळतो, दुसऱ्यात पिनची जागा येते. मग आकडा चार असेल तर चार झोत, थोडं थांबायचं, की तो पुढच्या आकड्यावर सरकतो. शेजारी सायकल घ्यायला खाली आले तर त्यांना वाटतं बाई कुणाला इशारे करतेय. पण एकदा हे जमलं की घरात एकेक वस्तू चालू-बंद करून कोण किती खातंय ते कळतं. एकाने घरात थांबायचं, एकाने तळघरात, फोन चालू ठेवायचा. रविवारची चांगली करमणूक होते.

दरमहा कापली जाणारी रक्कम म्हणजे 'अबश्लाग'. ती अंदाजाने ठरवलेली असते, खरा हिशोब वर्षाच्या शेवटी. बरेच जण अबश्लाग मुद्दाम कमी लावून घेतात आणि वर्षाअखेर तीन-चारशे युरोची मागणी आली की हादरतात. दोघांच्या घराला, गरम पाणी विजेवर नसेल तर, साधारण दोन ते अडीच हजार युनिट वर्षाला धरा. दर दोन महिन्यांनी रीडिंग लिहून ठेवा, तेवढ्याने पुढचं सगळं दिसतं.

गरम पाणी विजेवर असेल तर मात्र सगळा हिशोब न्हाणीघरात आहे. भिंतीवर पांढरी पेटी दिसते ती 'डुर्शलाउफएर्हित्सर', आपल्या गीझरसारखं पाणी साठवत नाही, वाहतं पाणी तापवते. त्यासाठी ती १८, २१ नाहीतर २४ किलोवॅट ओढते. २१ किलोवॅटवर दहा मिनिटं शॉवर म्हणजे साडेतीन युनिट, सव्वा युरो. दोघांचा रोजचा तो धरला तर महिन्याला पंच्याहत्तर युरो नुसत्या आंघोळीचे. माझ्याकडे अजून बादली आणि तांब्या आहे. वीस लिटर पाणी दहा अंशांवरून चाळीसवर न्यायला ०.७ युनिट लागतं, पंचवीस सेंट. लोक हसतात, हसू देत. ज्यांना बादली नको त्यांनी पेटीवरचं तापमान ६० वरून ४० वर आणावं. साठचं पाणी करून त्यात गार मिसळण्यात काय हशील आहे?

स्वयंपाकघरात आनंदाची बातमी ही, की इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे. अमेरिकेतल्या बहिणीसारखा तुम्हाला ट्रान्सफॉर्मर लागत नाही. मिक्सर जरूर आणा, इथल्या ब्लेंडरमध्ये ओल्या नारळाचं वाटण होत नाही. फक्त आपली गोल तीन पिन इथल्या शुको, म्हणजे अर्थिंगवाल्या जर्मन सॉकेटमध्ये जात नाही. दोन पिनांचा विमानतळावरचा अडॅप्टर लावू नका, त्यात अर्थिंग सुटतं आणि मिक्सरचं भांडं ओल्या हाताने धरलेलं असतं. बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात) शुको प्लग दोन-तीन युरोला मिळतो, जाणकाराकडून वायरवर तोच बसवून घ्या. शेगडी लाल होत असेल तर साधी काचेची, त्यावर घरचा कोणताही कुकर चालेल. लाल होत नसेल तर इंडक्शन. तिथे अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बसून राहतो, शिट्टी येत नाही. फ्रिजवरचा मॅग्नेट बुडाला चिकटला तरच ते भांडं चालतं. बिडाचा तवा चालतो, उलट पोळ्या छान होतात.

नोव्हेंबरात दुकानांत वीस युरोचे पंख्याचे हीटर दिसायला लागतात. घेऊ नका. २,००० वॅट, तासाला सत्तर सेंट. लोकरीचे मोजे घ्या.

आता बाल्कनीतल्या सोलरकडे येते, कारण सगळ्यात जास्त चौकशी त्याचीच असते. भाड्याच्या घरातही ते लावता येतं. दोन पॅनल, एक छोटा इन्व्हर्टर (आपला बॅटरीवाला नव्हे, पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा), हूक आणि एक वायर, जी घरातल्या सॉकेटमध्ये लागते. मे २०२४ पासूनचा नियम असा: इन्व्हर्टर ८०० वॅटपर्यंत, पॅनल एकूण २,००० वॅटपर्यंत. १ जानेवारी २०२३ पासून यावर व्हॅट शून्य आहे. साधा संच तीन ते सहाशे युरोत येतो. काही शहरं अनुदान देतात, पण बहुतेक ठिकाणी अर्ज खरेदीच्या आधी लागतो, म्हणून आधी रातहाउसची (नगरपालिकेची) वेबसाइट बघा, मग ऑर्डर द्या.

घरमालकाला विचारावंच लागतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा बदलला आणि आता तो उगाच, कारण न देता, नाही म्हणू शकत नाही. कसं लावायचं यावर अटी घालू शकतो. नुसता 'लावू का?' असा मेल टाकला की महिनाभर उत्तर येत नाही. मी बाल्कनीचा फोटो, त्यावर पॅनल कुठे येतील त्या रेघा, हुकाचं माहितीपत्रक आणि व्यक्तिगत दायित्व विम्याचं (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचं) पत्र एकत्र पाठवलं. जर्मन माणसाला कागद पूर्ण दिसला की त्याचं अर्धं 'नाही' तिथेच विरघळतं.

लावण्याआधी रेलिंग मोजा. एक पॅनल पावणेदोन मीटर लांब आणि वीस-बावीस किलोचं असतं. लोखंडी रेलिंग हलवून बघा, हलत असेल तर तिथेच थांबा. हूक स्टेनलेस स्टीलचे हवेत, आणि खाली फुटपाथ असेल तर एक जादा स्टीलची दोरी बांधा. पॅनल खालून बाहेर ओढून तिरकं केलं तर उन्हाळ्यात वीज वाढते, पण शरदातल्या वादळात ते शिडासारखं वारा पकडतं. तिसऱ्या मजल्यावर मी उभंच ठेवलंय. त्याचा हिवाळ्यात उलट फायदा होतो: श्टुटगार्टला डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून १८ अंशही वर चढत नाही, कऱ्हाडला तो ४९ वर असतो. इतकं आडवं ऊन उभ्या काचेवरच नीट पडतं. अर्थात असतं तेव्हा. डिसेंबरात आठवडेच्या आठवडे ढग असतात आणि अ‍ॅपवर तीस-चाळीस वॅटची रेघ सरपटत असते.

जोडताना क्रम पाळा: आधी पॅनल इन्व्हर्टरला, जोड 'टिक' वाजेपर्यंत दाबायचे, मग शेवटी सॉकेट. मल्टिप्लगच्या पट्टीत कधीही नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्येच. इन्व्हर्टर पॅनलच्या मागे सावलीत टांगा. दोन पॅनलना दोन स्वतंत्र इनपुट असलेला इन्व्हर्टर घ्या, म्हणजे एकावर वरच्या बाल्कनीची सावली आली तरी दुसरं चालू राहतं. ग्रिडला जोडायच्या व्हीडीई-एआर-एन ४१०५ या जर्मन नियमाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय घेऊ नका. त्यामुळेच प्लग उपसला की पिनांमधला करंट क्षणात बंद होतो. आणि त्याचमुळे ग्रिड गेली की हेही बंद पडतं. बॅकअप म्हणून याच्याकडे बघू नका.

मग महिन्याच्या आत मार्क्टश्टामडाटनरेगिस्टर या सरकारी नोंदवहीत नोंद करायची. फुकट आहे, ऑनलाइन आहे. मीटर नंबर, पॅनलचे आणि इन्व्हर्टरचे वॅट, चालू केल्याची तारीख एवढंच विचारतात. जुना चकतीवाला मीटर ऊन असताना उलटा फिरायला लागेल. नवीन मीटर येईपर्यंत ते चालतं.

माझ्याकडे नैर्ऋत्य दिशा, उभी पॅनल, निरभ्र दुपारी पाच-साडेपाचशे वॅट. अशा बाल्कनीत वर्षाला साडेपाचशे युनिट धरा. त्यातली घरात वापरली ती तुमची, उरलेली ग्रिडला फुकट. साठ टक्के जरी वापरली तरी वर्षाला सव्वाशेच्या आसपास युरो वाचतात, म्हणजे चारशेचा संच साडेतीन वर्षांत फिटतो. वापर वाढवायचा म्हणून दुपारी कपड्यांचं मशीन, डिशवॉशर आणि इस्त्री एकदम लावू नका. तुमच्याकडे पाचशे वॅट आहेत आणि त्या तिघांना पाच हजार हवे आहेत, फरक ग्रिडमधूनच येणार. एकामागून एक लावा. मशीन पाणी तापवताना पहिली वीसेक मिनिटं २,००० वॅट घेतं, नंतर अगदी थोडं, म्हणून ४० ऐवजी ३० अंशांवर धुतलं तर सोलरचा वाटा वाढतो.

हे ऐकून आई-बाबांच्या गच्चीवर लावायचं मनात येतंच. जरूर लावा, तिथे पैसा जास्त वसूल होतो. तीन किलोवॅटचा संच दिवसाला साधारण बारा युनिट देतो आणि पीएम सूर्यघर योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान आहे. अर्ज वीजबिल ज्याच्या नावावर आहे त्याचाच लागतो. बिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर इथून पॅनलचे कोटेशन मागवण्याआधी महावितरणकडे नाव बदलून घ्या. पॅनल भारतीय बनावटीचीच हवीत, नाहीतर अनुदान मिळत नाही. आणि बाबांना आधीच सांगा, बॅटरीशिवायचं हे सोलरही लोडशेडिंगमध्ये बंद पडतं, त्यामुळे हॉलमधला जुना इन्व्हर्टर भंगारात देऊ नका.

इथलं घर सोडताना तळघरातला फोटो पुन्हा काढा, वीज कंपनीला निघायच्या किमान सहा आठवडे आधी कळवा आणि पॅनल उतरवली तर नोंदवहीत ती बंद झाल्याची तारीख टाका. नव्या घरी नेलीत तर नवा पत्ता, नवा मीटर नंबर आणि नव्या घरमालकाला पुन्हा तोच पूर्ण कागद.