बायोमेडिकलला कमी खर्चात प्रवेश हवाय? या चुका टाळा

दहावी-बारावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न निघतो तो फीचा. बायोमेडिकलच्या बाबतीत त्याच्याही आधी कोर्स नेमका कोणता, हे बघा. चुकीच्या कोर्सला कमी फी भरली तरी ती वायाच जाते.

हॉस्पिटलमधली व्हेंटिलेटर, मॉनिटर, डिफिब्रिलेटर ही यंत्रं बसवणं, दुरुस्त करणं, कॅलिब्रेट करणं (मोजमाप अचूक जुळवणं) हे काम शिकायचं असेल तर दोन सरळ वाटा आहेत: दहावीनंतर तीन वर्षांचा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा किंवा बारावीनंतर बी.ई. बायोमेडिकल. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून रक्त-लघवी तपासणीच्या लॅबमध्ये काम मिळतं, यंत्रदुरुस्तीचं नाही. बायोटेक्नॉलॉजी तर त्याहून वेगळी. आणखी एक फटका अकरावीतच बसतो. ‘मेडिकल लाइन आहे’ म्हणून गणित सोडून दिलं जातं आणि बी.ई.च्या प्रवेशासाठी सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुप लागतो, हे फार उशिरा कळतं.

माहितीपत्रकातल्या फीवर जाऊ नका

खासगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. आधी ती बघा आणि मग तुमच्या खिशातून प्रत्यक्षात किती जाणार, ते काढा. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून याच उत्पन्नमर्यादेत पदवीचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागेवर लागलात तर शिक्षण शुल्क भरावंच लागत नाही, फक्त पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही.

अडचण येते ती अटींमध्ये. प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला या सवलती मिळत नाहीत. अभिमत आणि खासगी विद्यापीठांत शाहू शिष्यवृत्ती चालत नाही, त्यामुळे तिथली फी दिसायला थोडी कमी असली तरी हिशेब उलटा पडू शकतो. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे सगळं वेगळंच. हे आकडे चार वर्षांचे एकत्र मांडा, एका वर्षाचे नको.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल ही कागदपत्रं सीईटीच्या आधीच काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांगा लागतात, आणि एका दाखल्यासाठी हातची जागा जाणं फार जिवाला लागतं. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज परत आला तर घाबरू नका. शेरा वाचा, त्रुटी दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवा. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात. अर्ज दरवर्षी करावा लागतो, हेही विसरू नका.

लॅब न बघता जागा पक्की करू नका

माझ्या मते हीच सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. कॉलेजमध्ये जा आणि एक मागणी करा: ईसीजी सिम्युलेटर (हृदयाचे कृत्रिम सिग्नल देणारं उपकरण) मॉनिटरला जोडून दाखवा. सिम्युलेटरवर हार्ट रेट ६० वरून १२० केला की मॉनिटरवर आकडा बदलला पाहिजे, आणि अलार्मची मर्यादा त्याखाली लावली असेल तर अलार्म वाजला पाहिजे. मग विचारा की लीकेज करंट (यंत्रातून झिरपणारी वीज) मोजायला सेफ्टी अ‍ॅनालायझर आहे का, आणि मुलं स्वतः हात लावतात की फक्त बघतात. यंत्रांवर धूळ असेल, किल्ली सापडत नसेल, तर तिथे प्रॅक्टिकल कसं होतं ते कळलंच. कोणत्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात इंटर्नशिप मिळते, हे मागच्या बॅचच्या मुलांना गाठून विचारा. माहितीपत्रकापेक्षा त्यांचा शब्द खरा.

शाखा यंदा सुरू आहे का, हेही तपासा. बी.ई. बायोमेडिकल मोजक्याच ठिकाणी आहे आणि काही कॉलेजांनी ती बंदही केली आहे. जुन्या यादीवर विसंबू नका, सीईटी सेलच्या चालू वर्षाच्या यादीत जागा किती दिसतात ते बघा.

वर्षभराचा ‘बायोमेडिकल टेक्निशियन’ सर्टिफिकेट कोर्स कोणी ‘डिप्लोमाच’ म्हणून गळ्यात मारत असेल तर एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आणि एमएसबीटीई या राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची संलग्नता मागा. ती नसेल तर पुढे थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद.

सीईटीत मनासारखे पर्सेंटाइल आले नाहीत म्हणून कर्ज काढून कोट्यातली जागा घेण्याचा विचार चालला असेल, तर डिप्लोमाचं गणित एकदा मांडून बघा. ठाण्याच्या व्हीपीएम पॉलिटेक्निकसारख्या संस्थांनी मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स शिकवलेलं आहे. डिप्लोमानंतर नोकरी करून बघता येते, किंवा मार्क चांगले असतील तर कॅपमधूनच थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि पदवीच्या एका वर्षाची फी वाचते.