राईग्रासचं पोतं घेताना आतली बुरशी बघा

न्यूझीलंडमधल्या वायकाटोत डेअरीवर नव्याने लागलेली आपली मुलं मला विचारतात, कुरणात राईग्रास या चराऊ गवताची कुठली जात पेरू? मी म्हणतो, जात नंतर. लेबलवर जातीच्या नावाला जोडून एआर१, एआर३७ असं लिहिलंय ते आधी वाच. ती गवताच्या आत राहणारी एपिक्लोई बुरशी. ती पेशींच्या फटींतून वाढते, गवताला आजारी पाडत नाही, आणि शेजारच्या झाडावरही जात नाही. बियांतूनच पुढच्या पिढीत उतरते. पेरताना नसली, की त्या झाडात कायमची नाही.

किडीला आवरतात ती या बुरशीची अल्कलॉइडं, म्हणजे ती बनवते ती रसायनं; पेरामाइन त्यातलंच एक. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या अर्जेंटाइन सोंडकिड्याची अळी फुटवा आतून पोखरते. पेरामाइन असलेलं गवत त्याचे भुंगे टाळतात, अंडीही कमी घालतात. जुन्या कुरणांतल्या बुरशीतही पेरामाइन होतंच. पण सोबत ‘लोलिट्रेम-बी’ हे दुसरं अल्कलॉइडही होतं, त्याने मेंढ्या झोकांड्या खायच्या. झोकांड्यांचं मूळ बुरशीत आहे हे न्यूझीलंडमध्ये १९८१ साली पुढे आलं, आणि तीच सोंडकिड्याला रोखते हे १९८२ साली. मग सुरू झाली निवडक बुरशीची शोधाशोध.

एआर१ मध्ये लोलिट्रेम नाही, जनावरं सुखी. पण मुळांवरच्या माव्याला ती रोखत नाही, काळ्या भुंगेऱ्याला जेमतेम. एआर३७ या दोघांनाही भारी पडते आणि पोरिना अळीलाही. मेंढ्यांना मात्र अधूनमधून झोकांड्या येऊ शकतात. आमच्याकडे काळा भुंगेरा आहे आणि गाई आहेत, मेंढ्या नाहीत, म्हणून मी एआर३७ च घेईन. मुळं खाणाऱ्या ग्रास ग्रबसाठी (आपल्या हुमणीच्याच कुळातला) कुठल्याच लेबलवर फार विसंबू नका.

आता खरी मेख. उबदार, दमट शेडमध्ये ठेवलेल्या बियाण्यातली बुरशी बियाण्याच्या आधी मरते. उगवण झकास होते आणि कीड मजेत चरते. म्हणून गेल्या हंगामातलं उरलेलं पोतं स्वस्तात मिळालं तरी नको. दुकानदाराकडे जिवंत बुरशीचा अहवाल मागा. निदान ७० टक्के बियांत ती जिवंत हवी.

जुनं कुरण मोडून लगेच पेरू नका. जमिनीतलं जुनं बी उगवतं, जुन्या बुरशीसकट. मध्ये एक हंगाम मका किंवा टर्निप घ्या.

कुरण तपासायचं तर तिरकं चालत जा आणि एका झाडाचा एकच फुटवा जमिनीलगत कापा. पानाची टोकं पाठवून उपयोग नाही, बुरशी खालच्या खोळीत (पानाचा फुटव्याला वेढणारा भाग) दाट असते. प्रयोगशाळेत कापलेलं बूड खास कागदावर दाबतात, बुरशी असेल तिथे गुलाबी ठिपका उमटतो. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल तर खोळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलून ॲनिलिन ब्लूने रंगवा. पेशींमधून लांबीच्या दिशेने गेलेले निळे, नागमोडी तंतू दिसतील. मात्र ठिपका काय किंवा तंतू काय, बुरशी आहे एवढंच सांगतात, कुठली ते नाही. नव्या एआर१ च्या कुरणात जनावरं झोकांडायला लागली, तर डीएनए चाचणीच सांगा.