पायाभूत चाचणीचा पेपर घरच्यांना कसा समजावून सांगावा

आमच्या पाटणच्या खोऱ्यात कितीतरी घरांतले बाप मुंबईला माथाडी कामाला असतात. पालकसभेला आई येते, नाहीतर आजी. पेपर हातात पडला की पहिला प्रश्न ठरलेला: "गुरुजी, पोरगं पास हाय न्हवं?" 2015 साली प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रमात पायाभूत चाचण्या सुरू झाल्या, तेव्हापासून मी या प्रश्नाला उत्तर देतो आहे. "मार्कांकडे लक्ष देऊ नका" असं पालकांना सांगायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. दिवसाची मजुरी बुडवून जी बाई शाळेत आली, तिला त्या आकड्याचा अर्थ कळलाच पाहिजे.

आधी परीक्षा कोणती ते सांगा. गावात सगळ्याच परीक्षांना 'स्कॉलरशिप' म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. पायाभूत चाचणी वर्षाच्या सुरुवातीला होते आणि ती मागच्या इयत्तेवर असते. चौथीतल्या मुलाला तिसरीचं किती पक्कं राहिलंय, एवढंच ती विचारते. तिच्यात पास-नापास नाही. शिष्यवृत्ती परीक्षा स्पर्धेची आहे: दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण. 4 डिसेंबर 2024 ला तिसरी, सहावी आणि नववीच्या काही वर्गांत परख नावाचं देशपातळीवरचं सर्वेक्षण झालं. ते जिल्ह्याचं आणि राज्याचं चित्र पाहण्यासाठी होतं, त्यात एकेका मुलाचा निकाल मिळत नाही. "आमच्या पोराचे मार्क का दिले नाहीत?" म्हणून कोणी चिडलं, तर हे शांतपणे सांगा.

एक मात्र सांभाळा. "आता कोणी नापास होत नाही" असं बोलून जाऊ नका. पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा 2023-24 पासून वेगळी झाली आहे. तिथे प्रत्येक विषयात 35 टक्के लागतात, कमी पडले तर पुनर्परीक्षा असते आणि तिथेही जमलं नाही तर मूल त्याच वर्गात राहतं. हे घरच्यांना जूनमध्येच कळायला हवं, निकालाच्या दिवशी नव्हे.

मग मुलाची तपासलेली उत्तरपत्रिका मागून घ्या. नुसत्या गुणांच्या यादीवर बोलणं फुकट आहे.

आता अवघड काम, ज्यात मी स्वतः चुकलो. पहिल्या वर्षी मी सभेत सगळ्यांदेखत मार्क वाचून दाखवले. एका मुलीचे गणितात फार कमी होते. तिच्या आईनं मान खाली घातली आणि पुढच्या दोन सभांना ती आलीच नाही. "हिला गणित येत नाही" हे त्या घरात कायमचं ठरून गेलं. पुढे मी तो पेपर नीट उघडून बघितला तेव्हा पोटात कालवलं. 65 मधून 28 तिनं बरोबर वजा केले होते. 402 मधून 178 वजा करताना मात्र उत्तर 376 लिहिलं होतं. चुकलेली बाकीची गणितंही त्याच जातीची. शेजारच्या घरात शून्य असलं की उसने कुठून घ्यायचे ते तिला कळत नव्हतं, म्हणून ती मोठ्या अंकातून लहान अंक काढून मोकळी होत होती. एक गाठ अडली होती, आणि मी सगळ्यांसमोर तिचं आख्खं गणित कच्चं ठरवलं होतं.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे: आकडा शेवटी, चूक आधी. आणि तीही एकट्या घराशी, चारचौघांत कधीच नाही. एकच चुकलेलं गणित निवडा आणि मुलालाच विचारा, "हे तू कसं केलंस?" "का चुकलास?" असं विचारलंत तर मूल गप्प होतं. कसं केलं म्हटलं की ते बोलायला लागतं आणि अडलेली जागा घरच्यांना आपल्या कानांनी ऐकू येते.

पुढे घरच्यांच्या व्यवहारातलं उदाहरण घ्या. बाजारात भाजी विकणाऱ्या एका आजींपुढे मी शंभराच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली आणि म्हणालो, "आजी, यातले एकशे अठ्ठ्याहत्तर द्या." त्या म्हणाल्या, "नोट मोडल्याबिगर कसं देऊ?" बस्स, हेच! एक शंभर मोडून दहाच्या दहा नोटा, त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. आता तीन शंभर, नऊ दहा आणि बारा रुपये झाले. त्यातून द्यायचे ते दिले की 224 उरतात. नातू शेजारी बसून बघत होता. शाळा न शिकलेल्या बाईला वजाबाकीचा पेपर समजणार नाही, असं मानणाऱ्यांचा मला राग येतो. समजावणाऱ्यानं नोटा काढल्या नाहीत, एवढंच.

भाषेच्या पेपरातही असंच शोधा. उताऱ्यातलं 'कोण' आणि 'कुठे' बरोबर, पण 'का' विचारलेली जागा कोरी असेल, तर मुलाला वाचता येतं, अर्थ लावायला सवय कमी पडते. रोज एक गोष्ट वाचून झाल्यावर एक 'का' विचारा, असं घरी सांगा.

एवढं झालं की मग गुण सांगा. आता तो आकडा कशामुळे आला ते घरच्यांना ठाऊक असतं. बाप मुंबईला असेल तर त्याच गणिताचा फोटो त्याला पाठवा, नुसते गुण पाठवू नका.

घरी काम एकच द्या. दहा कामं दिली की एकही होत नाही.

आठवीतलं मूल असेल तर घरचे उठण्याआधी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेचं नक्की सांगा. शासकीय किंवा अनुदानित शाळेत शिकणाऱ्या आणि साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाची निवड झाली, तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवायला लावा.

पायाभूतचा पेपर जपून ठेवायला सांगा. सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित चाचणीचा पेपर आला की दोन्ही शेजारी मांडा आणि शून्य असलेली वजाबाकी शोधा. ती सुटली असेल तर आजींनाच बोटानं दाखवू द्या.