नाशिकच्या उन्हात चिंचिला: जोपासना आणि वीण

चिंचिला हा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, थंड कोरड्या हवेचा, दाट केसांचा कुरतडणारा लहान प्राणी. नाशिकचा एप्रिल-मे त्याला झेपत नाही. खोली १६ ते २१ अंशांवर ठेवा. २५च्या वर उष्माघाताचा धोका. कूलर नको. त्याने हवा दमट होते आणि दाट केसांत बुरशी धरते, एसीच लागतो. कान लालबुंद झाले, प्राणी आडवा पडला, तर थंड फरशीवर ठेवा आणि लगेच पशुवैद्य गाठा.

अंघोळ पाण्याची नव्हे, ज्वालामुखीच्या बारीक राखेची: आठवड्यातून २-३ वेळा, १० मिनिटं. नदीची वाळू वापरू नका, केस तुटतात.

खायला सतत टिमोथी गवत, दिवसाला १-२ चमचे पेलेट (दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या). आपली द्राक्षं-बेदाणे कितीही गोड असोत, त्याच्यासाठी नाहीत. साखरेनं पोट बिघडतं.

जोडी वयाच्या ९ महिन्यांनंतरच लावा. दोघंही वेल्वेट (केसांचा एक गडद रंगप्रकार) किंवा दोघंही पांढरे नकोत; दोन्हीकडून त्या रंगाचा जीन मिळालेला गर्भ जगत नाही. गाभणकाळ सुमारे १११ दिवस. व्याल्यावर मादी लगेच पुन्हा माजावर येते, म्हणून नर आधीच वेगळा काढा. पिल्लं केसाळ, उघड्या डोळ्यांची जन्मतात. रोज वजन करा. दुसऱ्या दिवसानंतरही घटत असेल तर दूध पुरत नाही. ८ आठवड्यांनी नर पिल्लं आईपासून तोडा.