अडून बसलेला पेट्रोल फिल्टर घरी कसा काढावा

कात्रजच्या चढाला गाडी धापा टाकायला लागली, म्हणून नाना पेठेतून नवा फिल्टर आणला. तो बसवायला पाच मिनिटं लागली, पण जुना काढायला अख्खा रविवार गेला. तुमचा तरी वाचावा म्हणून हे लिहितोय.

आधी तुमच्या गाडीत फिल्टर कुठे आहे ते बघा. बऱ्याच नव्या गाड्यांत तो टाकीच्या आत, पंपासोबतच असतो. तसा असेल तर गॅरेज गाठा. डिझेल गाड्यांचंही इथे धरलेलं नाही. हे सगळं गाडीखाली, टाकीजवळ बसवलेल्या पेट्रोल फिल्टरसाठी आहे.

काम उघड्यावरच करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये अजिबात नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. इंजिन गार असू द्या, टाकीत पेट्रोल कमी असलेलं बरं. चाकांना उटी म्हणजे अडसर लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, घोड्या म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड लावा. डोळ्यांवर गॉगल आणि हाताशी आग विझवायचा पावडरचा सिलिंडर हवाच. उजेडाला बॅटरीवरचा एलईडी टॉर्च घ्या, वायरचा बल्ब नको.

आता दाब काढायचा. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या गाडीत इंजिन बंद केलं तरी पाइपात दाब टिकून राहतो. चालू गाडीत तो बहुधा 3 बारच्या आसपास असतो, म्हणजे टायरमधल्या हवेपेक्षा जास्त. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, गाडी सुरू करा आणि ती आपोआप बंद पडू द्या. मग दोनदा सेल्फ मारा. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, टाकीचं झाकण उघडून परत लावा. एवढं करूनही थोडं पेट्रोल उडतंच, म्हणून जोडावर फडकं गुंडाळा आणि खाली पत्र्याचा डबा ठेवा.

खरी झटापट पुढे आहे. प्लॅस्टिकच्या क्लिपचा जोड असेल तर तो बहुतेक वेळा चिखलाने अडतो. आपल्याकडे चार पावसाळे काढलेल्या गाडीत क्लिपच्या फटीत माती सिमेंटसारखी बसलेली असते. जुन्या टूथब्रशने ती कोरून काढा, पंपाने हवा मारा. मग पाइप ओढायचा नाही, आधी फिल्टरकडे आत ढकलायचा. तसा ढकलून धरला की क्लिपवरचा ताण जातो. त्याच स्थितीत दोन्ही बाजूंचे कान दाबा, पाइप किंचित डावीउजवीकडे हलवा आणि सरळ रेषेत ओढा. मी घाईघाईत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेलो. ‘टक्’ असा आवाज आला आणि क्लिपचा कान माझ्या कपाळावर! दीडदमडीच्या कानापायी अख्खा पाइप बदलावा लागला.

नटाचा जोड असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. दोन पाने लागतात: एकाने फिल्टर धरायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकट्या पान्याने जोर केलात तर पाइपच पिळवटतो. नट हलत नसेल तर आधी केसभर आवळा, मग सोडवा. साधा पाना घसरून नटाचे कोपरे गोल होतात, त्यापेक्षा पाइपच्या नटाचा खास पाना घ्या. पुण्यात बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात कधीकधी मिळून जातो. आणि नट तापवायचा विचारसुद्धा करू नका.

रबरी पाइप चिकटला असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. उभा चिरा आणि नवा घाला, फक्त तो इंजेक्शनच्या दाबाला चालणारा पेट्रोलचाच घ्या.

नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाच्या दिशेने हवा. क्लिप ‘टिक्’ वाजल्यावर पाइप एकदा ओढून बघा. फ्यूज आणि बॅटरी जोडून किल्ली तीन-चार वेळा नुसती ऑन-ऑफ करा, सेल्फ मारू नका. पंप घुरघुरतो तेव्हा कोणाला तरी जोडांकडे बघायला सांगा. एक थेंब जरी दिसला तरी गाडी सुरू करायची नाही, जोड पुन्हा बसवायचा.

जुना फिल्टर त्याच्या टाकीकडच्या तोंडातून डब्यात उलटा करून बघा. माझ्या फिल्टरमधून चहाच्या गाळासारखं काळं पाणी पडलं. ते गटारात ओतू नका, फिल्टरसकट ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या.