स्टेजवर आग दाखवायचीय? काडी न पेटवता अशी दाखवा

नाटकात शेकोटी, मशाल किंवा पेटलेलं घर आलं की ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, "अरे खरीच पेटवू ना, दोन मिनिटांचा तर सीन आहे." नाही पेटवायची. कापूर नाही, रॉकेल नाही, काही नाही. 30 डिसेंबर 1903 ला शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरमध्ये तर स्टेजवर कुणी आग लावलीच नव्हती, आर्क लॅम्पच्या (तेव्हाचा विजेचा प्रखर स्टेज लाईट) ठिणगीने पडदा पेटला आणि 600 हून जास्त माणसं गेली. त्यामुळे खाली जे काही सांगतोय त्यात सगळीकडे एलईडीच वापरायचे, हॅलोजन कापडाच्या जवळपाससुद्धा नको.

आधी लाईटचं बघा, ज्वाळा नंतर. प्रेक्षकाला आग पटते ती नटाच्या तोंडावर हलणाऱ्या उजेडामुळे, आणि बहुतेक ग्रुप नेमके इथेच कंटाळा करतात, सगळा जीव त्या लाकडांच्या ढिगात ओततात. शेकोटीच्या आत तीन छोटे एलईडी ठेवा, एकमेकांपासून वीतभर लांब, एक अंबर (पिवळसर), एक नारिंगी, एक लाल. अंबर जवळपास स्थिर राहू दे, बाकीचे दोन कमीजास्त करत राहा पण एकाच ठेक्यात नको, नाहीतर डिस्को होतो. तीन का, तर खऱ्या आगीत ज्योत इकडेतिकडे हलते म्हणून मागच्या भिंतीवरच्या सावल्याही हलतात, एकच दिवा लुकलुकवला तर सावली जागच्या जागी गडद-फिकी होते आणि खोटेपणा लगेच कळतो. डिमर बोर्ड (दिवे कमीजास्त करायचं यंत्र) नसेल तर एकाने विंगेत बसून त्या एलईडीला चालणारा छोटा डिमर हाताने फिरवला तरी चालतं, उलट माणसाचा हात मस्त अनियमित चालतो. हे दिवे खालूनच यायला हवेत आणि त्यावेळी वरचे लाईट उतरवा, पांढरा फ्लड (सगळं स्टेज उजळवणारा लाईट) चालू असेल तर सगळी मेहनत पाण्यात.

आता ज्वाळा. पातळ पांढरं रेशमी कापड घ्या, नारिंगी नको, रंग लाईट देणार आहे. त्याच्या टोकदार पट्ट्या कापा, काही वीतभर, काही हातभर, सगळ्या सारख्या उंचीच्या केल्या तर कुंपण दिसतं. एका खोक्यात पंखा आडवा ठेवा, हवा वर जाईल असा, वर जाळी बसवा आणि पट्ट्यांची बुडं जाळीला घट्ट बांधा. खोक्याला खालून भोकं पाडायला विसरू नका, हवा आत शिरलीच नाही तर वर काय फेकणार? पंख्याखाली रबर किंवा फोम टाका, नाहीतर शांत सीनमध्ये घरघर ऐकू येते. दिवे जाळीच्या कडेने, वरच्या दिशेने. भोवती लाकडं रचून खोकं झाका. सुती कापड वापरायची वेळ आली तर अग्निरोधक द्रावणात बुडवून वाळवून घ्या, आणि ते कापड पुढे धुतलंत तर तो थर जातो, परत लावावा लागतो.

मशालीत पंखा लागतच नाही. पोकळ दांड्यात बॅटरी, वर एलईडी आणि रेशमाच्या पट्ट्या, नट चालायला लागला की त्या आपोआप फडफडतात. पण नटाला सांगा की मशाल केसांपासून आणि पडद्यापासून लांबच धरायची, खरी असल्यासारखी. हातात झाडू धरल्यासारखी फिरवली तर कितीही भारी बनवा, लोक हसणार.

घर पेटल्याचं दाखवायचं असेल तर ज्वाळा मुळीच दाखवू नका. खिडकीच्या मागून नारिंगी-लाल हलता उजेड आणि धूर, बास. फॉग मशीनमध्ये पाण्यावर चालणारं, त्याच मशीनसाठी सांगितलेलंच लिक्विड टाका. नोझल प्रचंड तापतं, पडद्यापासून आणि पोरांच्या हातांपासून दूर, आणि समोरची जमीन निसरडी होते तिथून कुणाची एन्ट्री ठेवू नका. धुराने हॉलचा अलार्म वाजू शकतो, म्हणून हॉलवाल्यांना आधीच विचारा, परस्पर डिटेक्टर बंद करायचा किंवा त्यावर पिशवी बांधायची हा आगाऊपणा नको. ड्राय आईस (गोठवलेला कार्बन डायऑक्साईड) बंद जागेत टाळाच, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड जड असतो, खाली साचतो, आणि मेल्याचं काम करणारा नट नेमका तिथेच पडलेला असतो!

तडतड आवाजासाठी छोटा स्पीकर शेकोटीतच लपवा, हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून आला तर आग छतावर लागल्यासारखी वाटते.

रंगीत तालमीला हे सगळं कपड्यांसकट करून बघा, शेवटच्या रांगेत जाऊन बसा, तिथून दिसलं तरच ठेवा. विंगेत एक माणूस फक्त यासाठी, हातात मेन स्विच, बाजूला विजेच्या आगीला चालणारं एक्स्टिंग्विशर (पाण्याची बादली नव्हे), आणि बाहेर जायच्या वाटेत सेटचं सामान रचलेलं नाही हे तिसऱ्या घंटेआधी त्यानेच बघायचं. पडदा पडला की आधी प्लग काढा, फॉग मशीन पूर्ण थंड झाल्याशिवाय खोक्यात भरू नका.